मुलांनी केल्यासारखा किल्ला

कल्पना (चारपैकी)

“फार सरळ झाली,” म्हणत अभिजीतनं नुकतीच चिकटवलेली भिंत उपटली आणि जरा कलती करून पुन्हा लावली.

मारतहळ्ळीच्या फ्लॅटमध्ये, जेवणाच्या टेबलावर, देवनहळ्ळीचा किल्ला उभा राहत होता. पुठ्ठ्याचा. चौथीतल्या ईराचा शाळेचा प्रकल्प: आपल्या शहराजवळची एक जागा. ईरा शेजारी स्टुलावर बसली होती आणि तिच्या मांडीवर रुब्रिक होतं. म्हणजे गुणांचा तक्ता. कशाला किती गुण आणि ते काय बघून द्यायचे, हे शाळेनं आधीच छापून दिलेलं.

मागच्या वर्षी अभिजीतनं यशवंतपूर स्टेशन केलं होतं. सरकारी कारखान्यात आराखडे काढणारा माणूस, हात थोडाच आवरतो! सिग्नल खरोखरचे पेटायचे. कावेरी मिसनी ‘स्वतःचं काम’ या रकान्यात शून्य घातलं आणि ईरा रिक्षात घरापर्यंत रडत आली. त्या रिक्षातच त्यानं तिला शब्द दिला: पुढच्या वर्षी याच रकान्यात चारपैकी चार.

म्हणून यंदा किल्ला वाकडा हवा होता.

“बाबा, बुरुजावर शेळी करूया ना. आपण गेलो तेव्हा होती बघ, माझा बिस्किटाचा पुडा खाल्लेली.”

“किल्ल्याच्या प्रकल्पात शेळी कशाला?”

ईरानं मान डोलावली आणि कागदावर पेन्सिलीनं काहीतरी खरडलं.

बांधणी (चारपैकी)

“मी डिंक लावू?”

“नको गं राणी. तू फार नीट लावतेस. लहान मुलांनी केल्यासारखं दिसायला हवं.”

“मी लहानच आहे.”

“तेच तर. तुझ्या कामाकडे बघून वाटत नाही.”

स्वयंपाकघरातून ईराची आई आश्लेषा ओरडली, “अरे, तिलाच करू दे की! आपोआप लहान मुलांनी केल्यासारखं दिसेल.”

“तुला रुब्रिक कळत नाही, आश्लेषा.”

तो डाव्या हातानं पाटी रंगवायला बसला. ‘देवनहळ्ळी’तला ‘ळ्ळी’ इतका सुंदर गचाळ जमला, की त्यानं लगेच त्याचा फोटो काढला.

बेल वाजली. खालच्या मजल्यावरचा शिवकुमार दारात उभा, कोपरापर्यंत हिरवा.

“अण्णा, स्वल्प फेव्हिकॉल आहे काय? विराटचं तळं गळायलंय.”

“विराट कुठाय?”

“खेळायलाय खाली. अधूनमधून येतो, बघतो, जातो. तोंडातनं शब्द नाही बघा. पोरगं आजारी तर नाही ना?”

ईरा स्टुलावरून खुदकन हसली.

स्वतःचं काम (चारपैकी)

रंग वाळेपर्यंत अभिजीतनं तिच्या मांडीवरचा कागद उचलला. सगळ्यात वर छापलं होतं ‘काम करणाऱ्याचं नाव’, आणि पुढची जागा रिकामी होती.

“नाव घालायला विसरलीस.”

“ते शेवटी लिहायचं. मिसनी सांगितलंय.”

“आणि या रकान्यांतल्या खुणा कसल्या?”

ईरानं कागद हिसकावून छातीशी धरला. “बघायचं नाही! मिसनी सांगितलंय.”

“आपलेच गुण मोजतेस होय?” अभिजीतला हसू फुटलं. पोरीला रकान्यांची गोडी लागली होती. शेवटी मुलगी कुणाची! त्यानं कौतुकानं तिच्या केसांतून हात फिरवला. थोडा रंग केसांना लागला.

मग त्यानं एक बुरुज मुद्दाम अंगठ्यानं चेपला.

सोबत मिळून काम (चारपैकी)

शनिवारी शाळेच्या हॉलमध्ये टेबलांच्या रांगा लागल्या होत्या आणि प्रत्येक प्रकल्पासमोर भरलेलं रुब्रिक टाचलेलं होतं. मुलं चेकाळल्यासारखी धावत होती. शेजारच्या टेबलापाशी शिवकुमार कान धरून उभा होता आणि विराट पोट धरून हसत होता.

अभिजीतनं गर्दीत मान घातली. थेट तिसरा रकाना शोधला.

स्वतःचं काम: चारपैकी चार.

शीळ त्याच्या ओठांपर्यंत आली. दिलेला शब्द पाळला होता! त्यानं ईराला उचलून गरकन फिरवलं. तिच्या खिशातून मातीची छोटी शेळी टुणकन खाली पडली.

मग त्याची नजर चौथ्या रकान्यावर गेली. सोबत मिळून काम: शून्य.

तो तडक कावेरी मिसकडे गेला. मिस मूळच्या निपाणीच्या, त्यामुळे भांडायला मराठी चालायची.

“मिस, हा अन्याय आहे. माझी मुलगी किती मिळूनमिसळून वागते! तिला शून्य?”

“तिला कुठे, सर?” मिसनी ओढणीत हसू लपवलं. “यंदा एकही गुण मी दिलेला नाही. कागद वरपासून वाचा की.”

तो परत आला. तोवर किल्ल्याच्या चेपलेल्या बुरुजावर शेळी उभी होती. त्यानं कागद वरपासून वाचला. अक्षर ईराचं, एका रेषेत, मोत्यासारखं.

काम करणाऱ्याचं नाव: अभिजीत (बाबा).

गुण देणाऱ्याचं नाव: ईरा, चौथी ब.

शेरा: हुशार आहे, पण डिंक मागितला तर देत नाही. पुढच्या वर्षी माझ्या शेजारी बसवावे.