सहा आकडे

शिष्यवृत्तीचे अर्ज भरून घेणाऱ्या सोनकांबळे मॅडमनी मुदतीच्या शेवटच्या तासाला बटण दाबलं आणि समोरच्या मुलीला विचारलं, "ओटीपी आला का?" मुलीच्या हातातला मोबाइल गप्पच होता. तिच्या आधारला वडिलांचा नंबर जोडलेला होता आणि वडील तो नंबर घेऊन आठ वर्षांपूर्वी घरातून निघून गेले होते. "आमचा फोन उचलत नायत ते," कन्नड तालुक्यातून सोबत आलेली आई म्हणाली. नंबर बदलायला आठवडा लागतो, हे सांगायला मॅडमची जीभ रेटेना. "म्हंजे मेसेज आत्ता त्यांच्याकडं गेला व्हय?" आईनं खुर्ची पुढं ओढली. "गेला." "मग अजून एकदा धाडा." उपयोग नाही हे माहीत असून मॅडमनी पुन्हा बटण दाबलं. "त्यात हिचं नाव असतं ना?" "नाही, नुसते सहा आकडे." "मग पोरगी कॉलेजात गेली, हे त्यांना कळायचं कसं?"