जयंतीच्या दिवशीचं कुलूप

सेनापतीच्या जयंतीची सरकारी सुट्टी सुरू झाली, तेव्हापासून टपाल विभागातल्या बाई नेमक्या त्याच दिवशी कामावर यायला लागल्या. साहेबांनी समजावलं, युनियनवाल्यांनी हात जोडले. बाईंचं उत्तर ठरलेलं असायचं, "त्या माणसाने माझ्या पणजीचं गाव कोठारात कोंडून जाळलं. त्याच्या नावाने मी घरी लोळत पडू?"

बाई यायच्या म्हणून कुलूप उघडायला शिपाईमामांनाही यावं लागायचं. बाहेर चौकात पुतळ्यापुढे बँड वाजायचा आणि आत बाई रिकाम्या टेबलांमध्ये एकट्या पाकिटांवर शिक्के मारत बसायच्या. मामा दाराशी स्टुलावर. सात वर्षं हे असंच चाललं.

यंदा बाईंनाच कसंतरी वाटलं. त्यांनी साहेबांकडून दुसरी किल्ली मागून घेतली आणि मामांना बजावून सांगितलं की, या वेळी घरी आराम करा. सकाळी येऊन बघतात तर मामा दारात उभे.

"अहो मामा, किल्ली आहे ना आता माझ्याकडे. माझ्या हट्टापायी तुमची सुट्टी का बुडवताय?"

"असू दे ती पर्समध्ये," मामा म्हणाले. त्यांनी कुलूप काढलं, पण दार लगेच ढकललं नाही. "माझे पणजोबा सेनापतीच्या फौजेत होते, बाई. त्या कोठाराला बाहेरून कडी घातली ती त्यांनीच. हे दार तेवढं मला उघडू द्या."