मधला तुकडा

उद्या डच खेड्यातल्या त्या फुटबॉल मैदानावर प्लास्टिकचं गवत अंथरणार होते. म्हातारा माळी वीबे पहाटेच निरोप घ्यायला आला आणि फाटकातच थबकला. अख्खं गाव फावडी, ढकलगाड्या घेऊन उभं!

“आमचं गवत घरी न्यायला आलोय,” शेजारीण हिल्के म्हणाली.

वीबेच्या लहानपणी बांध फुटून समुद्र या सखल मैदानात शिरला होता. खाऱ्या पाण्यानं गवत जळालं, तेव्हा टेकाडावरच्या प्रत्येक घरानं अंगणातल्या हिरवळीचा तुकडा कापून इथे लावला. गाव ते कधीच विसरलं, असं वीबे धरून चालला होता.

“मग थांबलात कशाला?” त्यानं कसंबसं विचारलं.

“मधला, चेंडू ठेवतात तो तुकडा तुझ्या बापाचा. सुरुवात तिथूनच व्हायची.”

वीबेनं फावडं उचललं, तशा अख्ख्या गावानं टोप्या काढल्या.