धडधाकट

"बसा इथेच, आई. तुम्हाला नाही जमायचं," निवेदिता पुन्हा म्हणाली आणि श्यामलाबाई पुन्हा उठल्या.

बसतात कशाला! बसून राहणाऱ्या म्हातारीची रवानगी कुठे होते, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. नवरा गेल्यावर नागपूरच्या फ्लॅटमध्ये त्यांनी भिंतींशी बोलत दिवस काढले होते. इथे ब्रिटनमध्ये, कार्डिफला लेकाच्या घरी, नात येता-जाता बिलगायची, जेवताना समोर माणसं असायची. पण व्हिसा दिवाळीनंतर संपत होता. आईला कायमचं ठेवून घ्यायचं की परत पाठवायचं, यावर लेक-सुनेची रोज धुसफूस चाले. परवा दाराआडून पुष्करचा आवाज ऐकू आला होता. आई किती धडधाकट आहे ते आधी बघू, मग ठरवू, असं तो म्हणत होता. आणि लगेच शाळेच्या हाफ-टर्मच्या सुट्टीत ब्रेकन बीकन्सचा डोंगर ठरला.

म्हणजे परीक्षाच की ही. अंथरुणाला खिळणारी आई कुणाला हवी असते? त्यांना त्यात काही गैर वाटलं नाही. कार पार्कच्या टॉयलेटमध्ये त्यांनी गुडघ्याची नी-कॅप काढली आणि पर्सच्या तळाशी कोंबली.

चढ मेला संपता संपेना. चिखलात बूट रुतत होते, ऑक्टोबरचा वारा डोळ्यांतून पाणी काढत होता. गुडघ्यातून अशी कळ यायची की ओठ चावून धरावा लागे. त्यात निवेदिता दर दगडापाशी थांबून बसा बसा करी आणि श्यामलाबाईंच्या डोक्यात तिडीक जाई. हिला सासू घरात नकोच आहे, दुसरं काय! पुष्कर मात्र पुढून हात हलवून बोलवायचा, शाब्बास म्हणायचा. शेवटी पोटचा पोरगा तो.

माथ्यावर पोचल्यावर त्या मुद्दाम बसल्या नाहीत. फ्लास्कमधला चहासुद्धा उभ्यानंच प्यायल्या.

"आजी, तू जिंकला!" दियानं टाळ्या वाजवल्या.

पुष्करचा चेहरा खुलला होता. "बघितलंस?" तो बायकोला म्हणाला. "आणि तू महिनाभर माझं डोकं खातेयस, आईंना एकटं पाठवू नको, त्यांना झेपायचं नाही. अगं, ही मजेत राहील नागपूरला. उद्याच तिकीट बघतो."

निवेदितानं सासूकडे पाहिलं. तिचे डोळे भरून आले होते.

श्यामलाबाई मटकन खाली बसल्या. त्यांनी पर्स उचकली, नी-कॅप काढून लेकापुढे धरली. गुडघा पार गेलाय रे, मला घरातला जिनासुद्धा चढवत नाही, असं त्या सांगत राहिल्या.

पुष्कर मनापासून हसला. आईच्या पाठीवर थोपटत लाडानं म्हणाला, "आता नाटकं नकोत हं, आई."