ऑल्डरकोट

विनिफ्रेडबाईंचं घर बघायला आलेल्या मुलीचे दिवस भरत आले होते. नदीकडे उघडणारी खालची खोली बघून ती नवऱ्याला म्हणाली, "बाळाला इथं छान ऊन मिळेल." मग तिनं सहज विचारलं, "आजी, गावाला ऑल्डरकोट नाव कशावरून पडलं हो?"

"ऑल्डरच्या झाडांवरून. त्या झाडाच्या मुळांना सतत पाणी लागतं. जुन्या माणसांनी पाणी चढतं त्या जागेलाच हे नाव दिलं. नदी फुगली की या खोलीत कमरेएवढं पाणी येतं, पोरी."

जोडपं आभार मानून निघून गेलं. लेक हेस्टर भडकलीच. "आई, आणखी एक गिऱ्हाईक पळवलंस! गुडघे चालत नाहीत, माझ्याकडे राहायला यायचंय म्हणतेस. तुला घर विकायचंय की नाही?"

"विकायचंय गं."

"मग नावाचं पुराण कशाला लावतेस? झाडांची नावं निम्म्या इंग्लंडातल्या गावांना आहेत."

"हे घर घेतलं तेव्हा मीसुद्धा नावाचा अर्थ विचारला होता. मालकीण म्हणाली, 'गोड नाव आहे, एवढंच.'" विनिफ्रेडबाईंनी नदीकडच्या खोलीचं दार ओढून घेतलं. "त्याच हिवाळ्यात रात्रीतून नदी आत आली. एडमंड खालीच झोपला होता."

हेस्टर पायरीवर बसली. तिच्या जन्माआधी गेलेल्या भावाचं नाव आईच्या तोंडून ती आज पहिल्यांदा ऐकत होती.