केल्डविकला एक मिनिट

"कार्लाइलवरून बघ," विल्फ म्हणाला.

लॉर्नानं लॅपटॉपवरून मान वर केली. डार्लिंग्टनहून एडिनबराला निघालेला शहाणा माणूस सरळ उत्तरेची गाडी धरतो. तिचा बाप मात्र पश्चिमेला वळसा घालून, दोनदा गाडी बदलून, वर जास्तीचे पैसे मोजून जायचं म्हणत होता. आणि बाप कसा, तर एकाच टी-बॅगमधून दोन कप काढणारा कवडीचुंबक.

"डॅड, तिसऱ्यांदा सांगते. तिकडून गेलो तर आपले पैसे एडिनबरातच संपतील. इन्व्हर्नेसपर्यंत पोचायचंच नाही."

इन्व्हर्नेसला मेव्हिस होती, विल्फची थोरली बहीण. डॉक्टरांनी तिला एक महिना सांगितला होता आणि त्यातले नऊ दिवस सरले होते. लॉर्नानं दोन दिवस खपून सगळं जुळवलं होतं. एका दमात एवढा प्रवास त्र्याहत्तरीच्या माणसाला झेपायचा नाही, म्हणून एडिनबराला मावसबहिणीकडे मुक्काम, मग पर्थला जुन्या शेजाऱ्यांकडे, आणि परतताना ग्लासगोला तिच्या मैत्रिणीच्या सोफ्यावर. हॉटेलचा खर्च शून्य. विल्फच्या तिकिटाला ज्येष्ठांच्या कार्डाची सवलत. खरी युक्ती तर तिला पहिल्याच टप्प्यात सापडली होती, आणि त्याबद्दल कुणीतरी आपली पाठ थोपटावी असं तिला फार वाटत होतं.

"सलग तिकीट घ्यायचंच नाही," ती पुन्हा समजावू लागली. "डार्लिंग्टन ते केल्डविक एक, केल्डविक ते एडिनबरा दुसरं. गाडी तीच, सीट तीच. पैसे जवळजवळ निम्मे."

"तिथून नको."

"उतरायचं नाहीये तिथं. बसल्या जागी बसून राहायचंय."

"दुसरीकडे तोड तिकीट."

"सगळीकडे तोडून बघितलं. न्यूकॅसलला तोडलं तर उलट महाग पडतं."

"मग बसनं जाऊ."

"बसनं तुझ्या पाठीचं काय होतं ते गेल्या ईस्टरला बघितलंय मी. चार दिवस जमिनीवर झोपला होतास."

विल्फ उठला, किटलीत पाणी आधीच असताना ती पुन्हा भरायला लागला. लॉर्नाची सहनशक्ती संपली.

"खरं सांग ना, तुला तिला भेटायचंच नाहीये. ती जाईल, मग तू फुलं पाठवशील, आणि सगळ्यांना सांगत फिरशील की तिकिटं फार महाग होती."

बोलून गेल्यावर तिची तिलाच लाज वाटली. आता बाप भडकेल, अशी तिनं मनाची तयारी केली. पण विल्फनं नळ बंद केला आणि पाठमोराच उभा राहिला.

"थांबते का ती तिथं?" त्यानं विचारलं.

"कोण?"

"गाडी. केल्डविकला."

"थांबायलाच हवी. तसा नियमच आहे. जिथं तिकीट तोडलंय तिथं गाडी थांबली नाही तर आपलं तिकीट बाद." तिनं स्क्रीनवर बोट ठेवलं. "दहा बावन्नला येते, दहा त्रेपन्नला सुटते."

"नक्की थांबते?"

तो तिकिटाचं विचारत नव्हता. लॉर्नाचं बोट तिथंच राहिलं. ती चौदा वर्षांची असताना हा माणूस एका सोमवारी रेल्वेची नोकरी सोडून घरी आला होता. गाडी चालवायचा. का सोडली हे विचारायचं नाही, असं आईनं तिला बजावलं होतं. तिनं ते इतकं मनापासून पाळलं की पुढे आई गेल्यावरही, यात काही विचारण्यासारखं आहे, हे तिच्या डोक्यात आलं नाही.

"माझी थांबायची नव्हती," विल्फ म्हणाला. "एक्स्प्रेस होती. तिथं फलाटाच्या अलीकडे रुळांवरून पायवाट आहे. एक बाई ओलांडत होती. दोन्ही हातांत पिशव्या, निळ्या. मी भोंगा दिला, ब्रेक दाबला. गाडी मैलभर पुढे जाऊन उभी राहिली."

"तुझी चूक नव्हती, डॅड."

"तसं लेखी दिलंय त्यांनी. वर कपाटात आहे." तो येऊन खुर्चीत बसला. "बावीस वर्षं झाली. अजून दुकानात कुणाच्या हातात तसली पिशवी दिसली की मी दुसऱ्या रांगेत जातो."

तिला हे आठवत होतं. मधेच रांग सोडून जाणारा बाप, आणि त्याच्या चक्रमपणाला हसणाऱ्या त्या दोघी, ती आणि तिची आई. आता तिला वाटलं, आई कधीच हसली नसेल.

"आपण कार्लाइलवरूनच जाऊ," ती म्हणाली. "पैशांचं बघते मी."

"कुठून बघणार आहेस?" विल्फनं चष्मा काढून बनियनला पुसला. "घे तेच. मेव्हिस थांबायची नाही, पोरी."

लॉर्नानं दोघांची नावं भरली. केल्डविक हे नाव दोनदा लिहावं लागलं, आणि दोन्ही वेळा तिनं ते पटकन लिहून टाकलं. मग स्क्रीनवर सीटचा प्रश्न आला.

"खिडकीजवळची चालेल?"

"चालेल."

"आणि तोंड कुठल्या दिशेला?" ती घाईघाईनं म्हणाली, "मागे करून देते. म्हणजे स्टेशन येताना तुला काही दिसायला नको."

"पुढे," विल्फ म्हणाला. "त्या दिवशी मी डोळे मिटून घेतले होते."