बुजवलेला खड्डा

"हा खड्डा बुजवून टाका," बाई म्हणाल्या.

चिमट्याच्या हातातला ब्रश हवेतच राहिला. गाडीखाली उतरून काम करायचा तो खड्डा त्याने डोळ्यांत तेल घालून केला होता. उतरायला पायऱ्या, पायऱ्यांवर साचलेलं काळं ऑइल, तळाशी वाटाण्याएवढी बादली.

"अहो ताई, तुमच्याच फोटोत आहे की तो."

"फोटोत असू दे. यात नको."

चिमटा हे काही त्याचं खरं नाव नव्हे. घरांच्या, दुकानांच्या हुबेहूब छोट्या प्रतिकृती करणारा हा माणूस खिशाला पेनाऐवजी चिमटा अडकवून हिंडायचा. त्यामुळे गल्लीने हे नाव ठेवलं आणि हळूहळू बायकोच्याही तोंडी तेच बसलं. बाई त्याच्याकडे नवऱ्याच्या गॅरेजचे फोटो घेऊन आल्या होत्या. "ते आता गॅरेजात जात नाहीत," एवढंच बोलल्या आणि खिडकीबाहेर बघत राहिल्या. चिमट्याने काय समजायचं ते समजून घेतलं. गेलेल्या माणसाची आठवण जपायची असणार. अशा वेळी जास्त विचारू नये, म्हणून तो कामाला लागला.

काम त्याने जीव ओतून केलं. साबणाच्या वडीएवढी गाडी केली, तिचं बॉनेट उघडत होतं. शटरला गंज चढवला. भिंतीवर कामगारांच्या काळ्या हातांचे ठसे उमटवले. बाईंनी त्या ठशांकडे ढुंकूनही पाहिलं नाही. "रंगात वेळ नका घालवू, भाऊ," त्या म्हणाल्या. हे ऐकून तोंडात मारल्यासारखा त्याचा चेहरा झाला.

पुढे तर त्याला काही उमगेनासंच झालं. फोटोत जमिनीवर टायरांचा ढीग होता. बाईंनी तो उचलायला लावला. नट-बोल्ट खोलायचे पाने एका डब्यात कोंबलेले होते. ते म्हणे लहानापासून मोठ्यापर्यंत ओळीने भिंतीवर टांगा, आणि असे टांगा की काढता-घालता येतील. मग मागच्या भिंतीशी, त्यांनी दिलेल्या मापाचं, कामाचं एक नवं टेबल आणि दारापासून आतपर्यंत भिंतीलगत एक कठडा हवा झाला.

"गॅरेजात कठडा?" चिमट्याने विचारलं. "कठडा जिन्याला असतो, ताई."

"इथेही असू दे." बाईंनी तो अंगठ्याने जोरात दाबून पाहिला. "हे मोडणार तर नाही ना?"

रात्रीचं जेवण सोडून तो कठडाच डोक्यात घेऊन बसला, तेव्हा बायको म्हणाली, "त्यांचा नवरा, त्यांचं गॅरेज. तुमच्या पोटात का दुखतंय?"

दुखत होतं खरं. आठवणच जपायची, तर ती अशी खोटी करून कोण जपतं? न राहवून तो एकदा खऱ्या गॅरेजवर जाऊन आला. शटर खाली होतं आणि आतून ठोकाठोकीचा आवाज येत होता. म्हणजे जागा विकली की काय? विकली असेल, तर मग हे खेळणं कशासाठी? तो आणखीच बुचकळ्यात पडून परतला. तरी बाईंनी सांगितलेलं सगळं त्याने केलं, खड्डासुद्धा बुजवला. हात चालत होते, पण मन काही लागत नव्हतं.

काम पुरं झालं तेव्हा तो खोकं सांभाळत त्यांच्या घरी गेला. दार एका दणकट, पिकल्या मिशांच्या पुरुषाने उघडलं.

"कोण?" त्याने विचारलं. चिमटा त्याच्या पुढ्यातच उभा होता.

चिमट्याने हातातलं खोकं सावरलं. फोटोतल्या गाडीपाशी हाच माणूस उभा होता.

"छोटं गॅरेज करणारे भाऊ आलेत," बाई आतून लगबगीने आल्या. चिमट्याचा चेहरा बघून त्या हलकेच म्हणाल्या, "गाडीची बॅटरी तोंडावर फुटली, भाऊ. डोळे गेले. तेव्हापासून घराबाहेर पाऊल टाकलेलं नाही."

"मी तुला सांगितलंय," तो पुरुष म्हणाला, "विकून टाक ते गॅरेज. मला आठवणी नकोत."

बाईंनी खोकं उघडलं. त्यांनी छोटं गॅरेज टेबलावर ठेवलं, छप्पर काढलं आणि नवऱ्याचा हात धरून छोट्या दारापाशी नेऊन ठेवला.

बराच वेळ तो हात हललाच नाही. मग दोन बोटं नाखुशीनेच आत शिरली आणि कठड्याला अडखळली.

"हे काय? हे माझं गॅरेज नाही."

"तुमचंच आहे. चाला पुढे."

बोटं कठडा धरून पुढे गेली. टांगलेल्या पान्यांवरून फिरली. एक पाना त्याने काढला, चाचपला, पुन्हा जागेवर अडकवला. मग बोटं जमिनीवर उतरली आणि जपून, घाबरत पुढे सरकली.

"खड्डा कुठे गेला?"

"बुजवला."

"यात?"

"तिथेही. कठडा परवा बसला. टायर मागच्या शेडमध्ये नेले. जमिनीवर आता काही नाही तिथे. जसं हाताला लागतंय, तसंच आहे."

चिमटा पुढे वाकून बघत राहिला. बोटं परत दारापाशी गेली आणि पहिल्यापासून चालू लागली. या खेपेला कुठेच अडखळली नाहीत. गाडीला वळसा घालून ती थेट मागच्या भिंतीशी असलेल्या टेबलावर पोचली आणि थांबली. त्याने टेबलाची उंची चाचपली, पुन्हा चाचपली. कपाळाला आठी पडली.

"हे नवं टेबल कोणी केलं? गाडीच्या मानाने बुटकं आहे. कंबर धरेल माझी."

बाईंचा चेहरा पडला. "मग आता?"

"आता काय," तो म्हणाला, "उद्या सकाळी मला घेऊन चल. पाय वाढवावे लागतील त्याचे."